पानिपतची छावणी : स्तंभ, वाक्प्रचार आणि वृत्तान्त

राष्ट्रीय राजधानी प्रदेशातील पानिपत शहराबाहेर ‘काला अंब’ हे स्मारकोद्यान आहे. ज्या आम्रवृक्षावरून हे नाव पडले तो आज नाही. त्या जागी विटांचा स्तंभ आहे. हा स्तंभ १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाचे स्मरण देतो. मराठीतील ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचारही त्या दिवसाचा पराभवच तेवढा सांगतो.

परंतु मराठी सैन्याच्या दृष्टीने पानिपत ही प्रथम हिवाळी छावणी होती. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडविली. सदाशिवरावभाऊंनी पानिपतास खंदक खणून तळ दिला. तेथे सुमारे अडीच महिने सैनिकांसह बायकामुले, यात्रेकरू व बाजारबुणगे कोंडले गेले. डिसेंबरात रसदेची भिस्त असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उपासमार वाढली.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताचा १७८० मधील फारसी वृत्तान्त या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू द्यावे, अशी विनवणी सरदारांनी भाऊंना केल्याचे तो नोंदवितो. म्हणजे अखेरची लढाई हा केवळ रणनीतीचा भाग नव्हता. तिच्यामागे भूक होती. स्तंभ आणि वाक्प्रचार जे वगळतात ते वृत्तान्त राखतो. म्हणूनच मराठी बखरी व हा फारसी ग्रंथ एकत्र वाचल्याखेरीज पानिपतचा अर्थ पुरता उलगडत नाही.