कोळी पाळायचा म्हणतो आमचा धाकटा

वार्षिक परीक्षा संपली आणि आमच्या धाकट्याने दस्तरखानावरच विषय काढला. त्याला कोळी पाळायचा होता. कोपऱ्यात जाळे विणणारा नव्हे. मेक्सिकोचा, केसाळ, पायांच्या सांध्यांवर केशरी पट्टे असलेला, तळहाताएवढा टॅरंटुला. मोबाईलवर त्याने व्हिडिओ पाहिले होते. "अब्बू, तो कुत्र्यासारखा भुंकत नाही, मांजरासारखे केस सोडत नाही, आठवड्यातून एकदा खातो," हा त्याचा युक्तिवाद. दादीअम्मांनी तस्बीह थांबवली आणि एवढेच विचारले, "आणि रात्री सुटला तर?"

दादीअम्मा घरातला कोळी कोणाला मारू देत नाहीत. हिजरतच्या वेळी सौर गुहेच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणल्याची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. हदीसच्या अभ्यासकांनी तिच्या सनदेवर चर्चा केली आहे हे खरे, पण त्या कथेने आपल्या घरांतले कितीतरी कोळी वाचवले. मात्र न मारणे वेगळे आणि काचेच्या पेटीत घालून पाळणे वेगळे.

नुसते "नाही" म्हणून टाकणे सोपे होते. पण मुलाला कारण हवे होते, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते नीट ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही चौकशीला लागलो.

पहिला प्रश्न दीनचा. प्राणी पाळायला मनाई नाही. हजरत अनस (र.) यांचा लहान भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटा पक्षी होता, आणि तो गेल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाची मायेने विचारपूस केली. दुसरीकडे मांजर कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आहे. तिने त्याला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे पोट भरायला सोडलेही नाही, म्हणून ती अजाबाला पात्र ठरली. दोन्ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहेत. पाळायची मुभा आहे, पण कोंडलेल्या जिवाचा हिशेब द्यावा लागेल, असा अर्थ आम्ही त्यातून घेतला. विंचवाचे मात्र वेगळे. एहराममध्येही ज्या पाच प्राण्यांना मारण्याची परवानगी आहे, त्यांत विंचू आहे. त्यामुळे आफ्रिकेतला काळा ‘सम्राट विंचू’ हौसेने आणावा काय, या प्रश्नावर आमच्या घरात चर्चाच झाली नाही. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी किती जीव वाचवले हे ज्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्याला विंचू विकत घेण्याची हौस कशाला?

दुसरा प्रश्न कायद्याचा. जुलै २०२१ मध्ये चेन्नई विमानतळावर पोलंडहून आलेले एक टपाल पार्सल कस्टम्सने उघडले. आत प्लास्टिकच्या छोट्या कुप्या होत्या आणि त्यांत १०७ जिवंत कोळी. मूळचे मेक्सिको आणि मध्य-दक्षिण अमेरिकेकडचे टॅरंटुला. पार्सल तामिळनाडूतल्याच एका पत्त्यावर निघाले होते. ते कोळी पोलंडला परत पाठवण्यात आले. आमच्या धाकट्याला हवा असलेला केशरी सांध्यांचा कोळी ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार या यादीतले जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहेत, त्याने नोंद करणे बंधनकारक आहे. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार ही नोंद ‘परिवेश २.०’ या सरकारी पोर्टलवर होते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली, तो मेला, तरी कळवावे लागते. कागद न देता कुरिअरने प्राणी पाठवणारा विक्रेता पैसे घेऊन मोकळा होतो, प्रश्नाला उत्तर देण्याची वेळ आपल्यावर येते.

उलट बाजूही आहे. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती रेल्वे स्टेशनच्या लाकडाच्या वखारीत एक गडद निळा कोळी सापडला होता, आणि १८९९ साली पोकॉक या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बहुधा तो लाकडाबरोबर गाडीतून आलेला होता. त्यानंतर शंभर वर्षे तो कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये पूर्व घाटातल्या थोड्याशा जंगलात पुन्हा सापडला. आज तो युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या पेट्यांमध्ये आहे, आणि आपल्या जंगलात त्याच्यावर नामशेष होण्याचे संकट आहे. गोंदियासारख्या जंक्शनवर राहणाऱ्या मुलाला ही गोष्ट लगेच समजली. गाडीने आलेला कोळी त्याला मेक्सिकोच्या कोळ्यापेक्षा जास्त आवडला.

तिसरा प्रश्न आपल्या घराचा, आणि याकडे व्हिडिओ करणारे लक्ष देत नाहीत. संध्याकाळ झाली की आपण मच्छरांसाठी कॉईल लावतो, लिक्विड मशीन चालू करतो. डेंग्यूच्या दिवसांत धूरफवारणीची गाडी येते. हे औषध कीटकांसाठी जेवढे विष, तेवढेच कोळ्यांसाठी, आणि पाण्यातल्या झिंग्यांसाठी तर फारच. म्हणजे कोळी ठेवायचा तर त्या खोलीत कॉईल बंद, आणि मुले मच्छरदाणीत. त्यात आपला मे महिना! पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात वीज गेली की कूलरही बंद. फिश टँकमधले लाल ‘चेरी’ झिंगे पंचवीस अंशांच्या आसपास खुश असतात. तिशीच्या पुढे त्यांचे हाल सुरू होतात. रंगवलेल्या शंखात विकला जाणारा साधू खेकडा तर दमट हवेशिवाय श्वासच घेऊ शकत नाही, कारण त्याचे श्वसन कल्ल्यांसारख्या ओल्या अवयवांवर चालते. आपल्या लूमध्ये त्याला ठेवणे म्हणजे हळूहळू गुदमरवणे.

केस न सोडण्याचेही खोटेच निघाले. अमेरिकेकडचे बरेच टॅरंटुला चिडले की पोटावरचे बारीक केस उडवतात. ते डोळ्यांत गेले तर दवाखाना गाठावा लागतो. हातावर घेऊन फोटो काढताना कोळी खाली पडला तर त्याचे पोट फुटते. शिवाय मादी वीस वर्षेही जगू शकते. आमचा मुलगा तोवर नोकरीला लागलेला असेल आणि पेटी आमच्याकडे.

इथे धाकट्याने एक तोड सुचवली. "नाही जमले तर तलावात किंवा रानात सोडून देऊ. सवाब मिळेल." आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो, कारण पिंजऱ्यातला पक्षी सोडणे ही आपल्याकडे नेकीच मानली जाते. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हते.

पण आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा आहे. मामा तलाव, शेतातल्या बोड्या, पावसाळ्यात एका बांधीतून दुसरीत वाहणारे पाणी. अॅक्वेरियमच्या दुकानात पिवळी, सोनेरी गोगलगाय मिळते. तिची एक जवळची बहीण दक्षिण अमेरिकेतून १९८० च्या सुमारास तैवानला खाण्यासाठी नेली गेली, तिथून फिलिपीन्सला पोचली. लोकांना तिची चव आवडली नाही, ती पाण्यात सोडली गेली, आणि रोवणीनंतरचे कोवळे धान तिने फस्त केले. पाण्याच्या वर, काडीवर, गुलाबी अंड्यांचे झुपके चिकटलेले दिसले की शेतकरी तिथे डोक्याला हात लावतात. दुकानातली गोगलगाय त्याच जातीची असेल असे नाही, पण दोघी इतक्या सारख्या दिसतात की काचेतून ओळखणे आपल्यासारख्याचे काम नव्हे.

एवढे लांब जायलाही नको. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या गृहस्थाने मॉरिशसहून आफ्रिकी शंखी गोगलगाय आणून कलकत्त्याच्या एका बागेत सोडली. देशभर पसरलेल्या त्या शंखी गोगलगायीने २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडचे सोयाबीन उगवताच खाल्ले. किती जणांना दुबार पेरणी करावी लागली! बेन्सन यांना कुणाचे वाईट करायचे नव्हते.

दुसऱ्याच्या रोजीला नुकसान पोचवून सवाब मिळत नाही, हे दादीअम्मांनी त्याला आमच्यापेक्षा चांगले समजावले. म्हणूनच आता आमच्या घरी नियम झाला आहे: जे जिथले आहे तिथे परत सोडता येईल, तेच आणायचे. ज्यांनी विदेशी गोगलगाय किंवा झिंगे आधीच आणले आहेत, त्यांनी ते शेवटपर्यंत सांभाळावेत किंवा दुसऱ्या जबाबदार हौशी माणसाकडे द्यावेत. टाकीचे पाणी बदलताना ते नालीत किंवा बोडीत न ओतता कुंडीत, झाडाच्या मातीत ओतावे. त्यात न दिसणारी अंडी-पिल्ले असू शकतात.

मग आणले काय? कोसा. आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या भंडारा-गडचिरोलीत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात. ढिवर समाजातली अनेक घरे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. ओळखीच्या एका घरातून आम्ही तीन जिवंत कोसे मागून आणले. विक्रीचे कोसे बहुधा वाफवलेले असतात, त्यातून काही निघत नाही, म्हणून मुद्दाम सांगून जिवंत मागावे लागतात. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातून मात्र काहीही उचलायचे नाही, तो गुन्हा आहे. रेशमाच्या किड्याच्या खरेदी-विक्रीची चर्चा हनफी फिक्हमध्ये जुनी आहे, आणि त्याचा उपयोग आहे म्हणून इमाम मुहम्मद यांनी ती जायज मानली. पुरुषांना रेशीम नेसता येत नाही, पण पतंग बघायला कोण अडवतो!

कोसे आम्ही सावलीत, जाळीच्या पेटीत टांगले. कॉईल दुसऱ्या खोलीत नेली. पाऊस सुरू झाल्यावर एका संध्याकाळी पहिला पतंग बाहेर आला. ओला, चुरगळलेला, तासाभरात पंख पसरून आमच्या धाकट्याच्या पंजापेक्षा मोठा झाला. प्रत्येक पंखावर काचेसारखा एकेक पारदर्शक डोळा. त्याला खायला काय द्यायचे म्हणून मुलगा साखरपाणी घेऊन आला. देता येत नाही. या पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना खाल्लेल्या पानांवर तो हे थोडे दिवस काढतो. "म्हणजे हा आठवडाभर रोजा?" मुलीने विचारले.

दुसऱ्या रात्री आम्ही गच्चीवर पेटी उघडली. तिसऱ्या कोशातून काही निघाले नाही. तो अजून तिथेच टांगलेला आहे, आणि धाकटा शाळेतून आल्यावर रोज तो कानाशी धरून हलकेच हलवतो. आत काही वाजते, म्हणतो.