पाठीमागून येणारे सूर

लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये पहिल्यांदा गेले, तेव्हा मी वेड्यासारखी समोर बघत बसले होते. गाणारी मुलं दिसेचनात! सूर आले ते पाठीमागून, वरच्या सज्जातून. गवयाचा चेहरा पाहिल्याशिवाय मैफल झाल्यासारखी न वाटणारी मी. चारदा मान वळवली, मग डोळेच मिटले.

मुलग्यांचा हा गायकवृंद १२१२ सालापासूनचा. १७२३ ते १७५० बाख इथे संगीतप्रमुख होता. त्याची कबरही इथेच आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला इथे ‘मोटेट’ होतं. मोटेट म्हणजे धार्मिक शब्दांवरची अनेक आवाजांची रचना. आपल्या भजनात सगळे एकच चाल धरतात. इथे प्रत्येक आवाजाची चाल निराळी, तरी एकमेकांना सांभाळून. वरचे दोन आवाज लहानग्यांचे, खालचे दोन, आवाज फुटलेल्या थोरल्यांचे.

मला सुरुवातीला गलकाच वाटला, खरं सांगते. मग फक्त सर्वांत खालचा आवाज धरून ऐकू लागले आणि गुंता सुटत गेला. तुम्हीही तसंच करून पाहा. मात्र शाळेच्या सुट्टीत जाऊ नका. तेव्हा पाहुणे गायकवृंद गातात.