मतपेटीतून येणारा राज्याचा वकील : अमेरिकी घटकराज्यांतील अ‍ॅटर्नी जनरल

अमेरिकेच्या ५० घटकराज्यांपैकी ४३ राज्यांत राज्याचा सर्वोच्च कायदा अधिकारी, म्हणजेच अ‍ॅटर्नी जनरल, मतदार थेट निवडून देतात. सरकारी खात्यांना कायद्याचा सल्ला देणे, न्यायालयात राज्याची बाजू मांडणे आणि लोकांची फसवणूक करणाऱ्या कंपन्यांवर राज्याच्या नावाने दावे लावणे ही ज्याची कामे, तो वकील तेथे पक्षाची उमेदवारी मिळवतो, प्रचारसभा घेतो, निवडणूक निधी गोळा करतो आणि बहुतेक राज्यांत दर चार वर्षांनी पुन्हा मतदारांपुढे जातो. भारतीय वाचकाला ही व्यवस्था अनोळखी वाटणे स्वाभाविक आहे, कारण भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १६५ प्रमाणे राज्याच्या महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपाल, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळ, करते आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच महाधिवक्ता पदावर राहतो. राज्याच्या वकिलाचा अशील कोण, सत्तेवर असलेले सरकार की राज्यातील जनता, या एकाच प्रश्नाची ही दोन वेगळी उत्तरे आहेत. आणि अमेरिकी उत्तराने त्या पदाला जे असामान्य बळ दिले, त्याच्याच पोटात त्या पदाचा आजचा विकारही वाढला आहे.

पदाचे मूळ मात्र राजेशाहीतले आहे. इंग्लंडच्या राजाचे हक्क न्यायालयात सांभाळण्यासाठी नेमल्या जाणाऱ्या वकिलाला पंधराव्या शतकात अ‍ॅटर्नी जनरल हे नाव मिळाले, आणि सागरापार वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा हे पदही त्यांच्याबरोबर गेले. व्हर्जिनिया वसाहतीत १६४३ मध्ये असा अधिकारी नेमल्याची नोंद आहे. स्वातंत्र्यानंतर राजा गेला, पण पद उरले, आणि ते कोणी भरायचे हे प्रत्येक राज्याने आपापल्या परीने ठरवले. कुठे विधिमंडळाने, कुठे राज्याचा निर्वाचित कार्यकारी प्रमुख असलेल्या गव्हर्नरने. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी लोकशाहीची लाट आली. सरकारी पदे ही सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतल्या मंडळींना वाटण्याची खिरापत होऊ नये, ती लोकांनीच भरावीत, असा आग्रह तिच्यामागे होता; शिवाय कालव्यांसारख्या कामांवर राज्यांनी करून ठेवलेल्या कर्जांमुळे विधिमंडळांवरचा विश्वासही उडाला होता. न्यूयॉर्कच्या १८४६ च्या राज्यघटनेने अ‍ॅटर्नी जनरलसह अनेक पदे थेट निवडणुकीची केली, आणि पुढच्या दशकांत एकामागून एक राज्यांनी तीच वाट धरली.

ही वाट सर्वांनी धरली नाही. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंग या पाच राज्यांत गव्हर्नर नेमणूक करतो. मेन राज्यात विधिमंडळ गुप्त मतदानाने निवड करते. आणि टेनेसीत राज्याचे सर्वोच्च न्यायालयच आठ वर्षांसाठी अ‍ॅटर्नी जनरल निवडते, जी पद्धत इतर कोणत्याही राज्यात नाही. उलट पेनसिल्व्हेनियासारखे जुने राज्य नेमणुकीकडून निवडणुकीकडे वळले ते थेट १९८० मध्ये.

निवडणुकीचा सर्वांत मोठा परिणाम असा झाला, की राज्याची कार्यकारी सत्ता एका हाती राहिली नाही. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष आपला अ‍ॅटर्नी जनरल स्वतः निवडतो, त्यासाठी सेनेटची संमती घेतो आणि नको असेल तेव्हा त्याला दूर करतो. बहुतेक राज्यांत गव्हर्नरला मात्र असा काहीही अधिकार नाही, कारण दोघांनाही जनादेश एकाच मतदारांकडून मिळालेला असतो आणि पुष्कळदा दोघे विरुद्ध पक्षांचेही असतात. सरकारचा वकील सरकारप्रमुखाच्या हुकमतीबाहेर असणे ही प्रशासनाच्या दृष्टीने गैरसोय आहे, यात शंका नाही. पण ती जाणूनबुजून पत्करलेली गैरसोय आहे.

या कचेरीच्या कामाचा मोठा भाग वर्तमानपत्रांत कधीच येत नाही. अटक, आरोपपत्र आणि खटला ही फौजदारी कामे बहुतांश ठिकाणी जिल्हा पातळीवरचे, तेही निवडून आलेले, सरकारी वकील पाहतात. अ‍ॅटर्नी जनरलकडे मुख्यतः वरच्या न्यायालयांतली अपिले येतात. एखाद्या कायद्याचा अर्थ काय लावायचा, याविषयी अधिकाऱ्यांनी विचारल्यावर तो लेखी अभिमत देतो, आणि न्यायालयाने वेगळे काही म्हणेपर्यंत राज्याची यंत्रणा सहसा त्याप्रमाणे चालते. धर्मादाय संस्थांच्या निधीवर त्याची नजर असते. टेक्सासमध्ये एखाद्या खात्याला माहिती द्यायची नसेल, तर ती रोखता येईल का याचा निर्णय त्याच्याकडे मागावा लागतो. कॅलिफोर्नियात नागरिकांनी सुचवलेल्या कायद्यावर सार्वमत व्हायचे असेल, तर त्या प्रस्तावाचे शीर्षक आणि सारांश तोच लिहितो, आणि शीर्षकातल्या एका शब्दाने मते फिरू शकत असल्याने हे काम दिसते तितके किरकोळ नाही.

त्याचे खरे सामर्थ्य मात्र इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेतून आलेल्या एका सिद्धांतात आहे. अज्ञान बालके आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी माणसे यांचा राजा हा पालक, अशी ती कल्पना होती. अमेरिकी न्यायालयांनी तिचा विस्तार करून राज्याला आपल्या सर्व रहिवाशांच्या हितासाठी, त्यांचा पालक म्हणून, दावा लावण्याचा अधिकार मान्य केला. एकेकट्या नागरिकाला ज्या प्रतिपक्षाशी लढणे परवडत नाही, त्याच्याशी राज्य लढू शकते, आणि राज्याच्या वतीने लढायचे की नाही हे बहुतांशी अ‍ॅटर्नी जनरल ठरवतो.

हा अधिकार वापरण्यासाठी किती स्वातंत्र्य लागते, हे ओहायोत १८९० मध्ये दिसले. तेथील अ‍ॅटर्नी जनरल डेव्हिड वॉटसन यांनी जॉन रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीवर दावा लावला. कंपनीने आपला कारभार राज्याबाहेरच्या विश्वस्तांच्या हाती सोपवून राज्याने दिलेल्या सनदेचा भंग केला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वॉटसन रिपब्लिकन होते, आणि त्यांच्याच पक्षातील वजनदार नेते मार्क हॅना यांनी दावा सोडून देण्यासाठी त्यांच्यावर दबाव आणला. वॉटसन हटले नाहीत, आणि १८९२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने पुढे न्यू जर्सीच्या सोयीच्या कायद्याचा आसरा घेतला, पण राज्यांनी पाठ सोडली नाही. मिझुरीचे अ‍ॅटर्नी जनरल हर्बर्ट हॅडली यांनी १९०५ मध्ये नवा खटला उभा केला, आणि १९०७ मध्ये याच लढ्याच्या निमित्ताने राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांची राष्ट्रीय संघटना जन्माला आली. एका राज्याच्या सीमेपाशी थांबणारा वकील देशभर पसरलेल्या कंपनीला पुरा पडत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

त्या धड्याचा सर्वांत मोठा उपयोग तंबाखूच्या खटल्यांत झाला. धूम्रपानाने आजारी पडलेल्या व्यक्तींनी लावलेले दावे चार दशके फसत आले होते, कारण धोका ठाऊक असूनही तुम्ही स्वेच्छेने ओढत होता, असे कंपन्या म्हणत आणि ज्यूरींना ते पटे. मिसिसिपीचे अ‍ॅटर्नी जनरल मायकेल मूर यांनी मे १९९४ मध्ये वेगळाच दावा मांडला : राज्याने कधी सिगारेट ओढलेली नाही, पण गरीब रुग्णांच्या उपचारांचा खर्च राज्याच्या तिजोरीतून झाला आहे, आणि तो कंपन्यांनी भरून द्यावा. या दाव्याला पहिला मोठा विरोध राज्याच्या आतून झाला. मिसिसिपीचे गव्हर्नर कर्क फोर्डिस यांनी आपल्याच राज्याचा दावा रोखण्यासाठी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मूर त्यांनी नेमलेले असते, तर एका पत्राने काम भागले असते, पण न्यायालयाने गव्हर्नरची मागणी फेटाळली आणि दावा पुढे चालला. पाठोपाठ इतर राज्ये आली; मिसिसिपी, फ्लोरिडा, टेक्सास व मिनेसोटा यांनी स्वतंत्र तडजोडी केल्या, आणि २३ नोव्हेंबर १९९८ रोजी उरलेल्या ४६ राज्यांशी झालेल्या करारात मोठ्या तंबाखू कंपन्यांनी पहिल्या २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे, तसेच जाहिरातींतली व्यंगचित्रे आणि रस्त्यांवरचे मोठे फलक बंद करण्याचे कबूल केले. त्या पैशाचा मोठा हिस्सा अनेक राज्यांनी तंबाखूविरोधी कामाऐवजी अंदाजपत्रकातली भगदाडे बुजवायला वापरला, ही खेदाची गोष्ट आहे. पण तो दोष विधिमंडळांचा, दावा लढवणाऱ्यांचा नव्हे.

निवडणुकीतल्या थोड्या मतांनी किती फरक पडतो, याचे उदाहरण न्यूयॉर्कने लगेच पुरवले. १९९८ मध्ये एलियट स्पिट्झर तेथे सुमारे २५ हजार मतांच्या निसटत्या आघाडीने निवडून आले, आणि १९२१ चा मार्टिन कायदा, जो रोखे बाजारातील फसवणुकीच्या तपासासाठी अ‍ॅटर्नी जनरलला फार व्यापक अधिकार देतो, त्यांनी पूर्ण ताकदीने वापरला. गुंतवणूकदारांना खोटे सल्ले दिल्याच्या आरोपांवरून वॉल स्ट्रीटच्या दहा मोठ्या संस्थांना २००३ मध्ये संघीय नियामकांशी व राज्यांशी मिळून सुमारे १.४ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली.

या पदाच्या इतिहासातला सर्वांत उदात्त प्रसंग मात्र पैशाचा नाही. फ्लोरिडात वकिलाविना शिक्षा झालेल्या क्लॅरेन्स गिडियन या गरीब कैद्याचे प्रकरण संघीय सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा फ्लोरिडाने इतर राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांना पत्रे लिहून पाठिंबा मागितला. मिनेसोटाचे तरुण अ‍ॅटर्नी जनरल वॉल्टर माँडेल यांनी ती विनंती नाकारली आणि मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड मॅकॉर्मॅक यांच्यासह उलट बाजूचे निवेदन तयार केले. वीसहून अधिक राज्ये कैद्याच्या बाजूने उभी राहिली, आणि फ्लोरिडाच्या बाजूला अलाबामा व नॉर्थ कॅरोलायना एवढी दोनच उरली. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, हा निकाल न्यायालयाने १९६३ मध्ये एकमताने दिला. खटले जिंकण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांनी, आपले खटले अवघड होतील हे जाणून, प्रतिपक्षाला वकील द्या असे म्हणावे, यापेक्षा या पदाची मोठी शोभा सांगता येत नाही.

स्वातंत्र्याची अवघड बाजूही आहे. राज्याचा एखादा कायदा घटनाबाह्य आहे असे अ‍ॅटर्नी जनरलला स्वतःलाच वाटले, तर त्याने तो न्यायालयात लढवावा का? समलिंगी विवाहावर बंदी घालणारी कॅलिफोर्नियातील दुरुस्ती २००८ मध्ये मतदारांनीच संमत केली होती. तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल जेरी ब्राऊन यांनी तिचे समर्थन करण्यास नकार दिला, तिच्या पुरस्कर्त्यांनी स्वतः अपील लढवले, आणि त्यांना तसा अधिकार नाही असे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्या दुरुस्तीविषयी मत काहीही असो, मतदारांनी केलेला कायदा मतदारांनीच निवडलेल्या एका अधिकाऱ्याच्या नकाराने निराधार व्हावा, ही स्थिती अस्वस्थ करणारी आहे.

त्याहून गंभीर बदल पक्षांच्या बाजूने झाला. रिपब्लिकन अ‍ॅटर्नी जनरलांची स्वतंत्र संघटना १९९९ मध्ये आणि डेमोक्रॅटांची २००२ मध्ये स्थापन झाली; दोन्ही देणग्या गोळा करून उमेदवारांना बळ देतात, आणि देणगीदारांत अशा कंपन्याही असतात ज्यांच्यावर उद्या हीच कचेरी दावा लावू शकते. पूर्वी दोन्ही पक्षांचे अ‍ॅटर्नी जनरल मिळून कंपन्यांविरुद्ध लढत, आणि वेदनाशामक अफूजन्य औषधांच्या प्रकरणांत ते अलीकडेही तसे लढले. पण त्याच्या जोडीने, राष्ट्राध्यक्ष ज्या पक्षाचा असेल त्याच्या विरुद्ध पक्षाच्या राज्यांनी संघीय सरकारला न्यायालयात खेचायचे, हा शिरस्ता पडला आहे. मॅसॅच्युसेट्सच्या पुढाकाराने बारा राज्यांनी हवामानाच्या प्रश्नावर २००७ मध्ये जिंकलेला खटला आणि २०१० च्या आरोग्यविमा कायद्याविरुद्ध अखेरीस २६ राज्ये सामील झालेला खटला, हे त्याचे दोन्ही बाजूंचे नमुने आहेत. डिसेंबर २०२० मध्ये टेक्सासचे केन पॅक्स्टन यांनी तर दुसऱ्या चार राज्यांतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालांवरच आक्षेप घेणारा दावा सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि न्यायालयाने तसा दावा लावण्याचा टेक्सासला अधिकारच नाही म्हणून तो चार दिवसांत निकाली काढला. गव्हर्नरच्या मर्जीतून सुटलेले पद पक्षाच्या मर्जीत सापडले, तर सुटकेचा अर्थ फार थोडा उरतो.

त्यात हे पद वरच्या पदांची पायरीही ठरले आहे. बिल क्लिंटन आर्कान्सॉमध्ये या पदावरून गव्हर्नर झाले. तमिळ आईची कन्या कमला हॅरिस २०१० च्या निवडणुकीत एक टक्क्याहूनही कमी फरकाने कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरल झाल्या, आणि तेथून सेनेट व उपराष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचल्या. मिशिगनचे फ्रँक केली यांच्यासारखे, १९६१ पासून १९९९ पर्यंत याच खुर्चीत राहणारे, आता विरळा.

महाराष्ट्राचा अनुभव या चित्राशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. होरमसजी सिरवई १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे मुंबई आणि मग महाराष्ट्र राज्याचे महाधिवक्ते होते, आणि त्यांचे स्वातंत्र्य कोणत्याही मतपेटीतून नव्हे, तर विद्वत्तेतून व लौकिकातून आले होते. पण लौकिकावर उभे असलेले स्वातंत्र्य व्यक्तीबरोबर जाते. महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना स्वतंत्र मराठवाड्याविषयीच्या वक्तव्यावरून उठलेल्या वादळात मार्च २०१६ मध्ये राजीनामा द्यावा लागला, आणि ते वक्तव्य योग्य होते की नव्हते हा भाग सोडला, तरी मर्जीवरचे पद किती नाजूक असते हे त्यातून दिसले. निवडणूक हा त्यावरचा उपाय भारताला मानवेल असे वाटत नाही; पण ठरावीक मुदत आणि ती संपेपर्यंत सहजासहजी हटवले न जाण्याची हमी, ही टेनेसीच्या पद्धतीतली गोष्ट विचारात घेण्यासारखी नक्कीच आहे.

अमेरिकेत नागरिकत्व घेऊन राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी तर हा केवळ अभ्यासाचा विषय नाही. न्यू जर्सीतल्या मराठी मतदाराला आपला अ‍ॅटर्नी जनरल निवडता येत नाही, पण कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय किंवा मिशिगनमधल्या मतदाराला येतो. त्या पदाचे नाव मतपत्रिकेवर गव्हर्नरच्या बरेच खाली असते. तेथवर पोहोचून, पक्षाच्या चिठ्ठीपलीकडे उमेदवाराने आजवर कोणाविरुद्ध आणि कोणासाठी खटले लढवले हे पाहूनच त्यांनी मत द्यावे.