हवेचा कॉम्प्रेसर : आधी काम पाहावे

कडोदऱ्याच्या चौफुलीवरील टायरवाल्यांपासून मागांच्या शेडपर्यंत कॉम्प्रेसरची धडधड ऐकू येते. उसाच्या ट्रॉल्या वाहणारे आमचे काही शेतकरी बांधव विचारतात, घरी एखादा घ्यावा काय, आणि किती हॉर्सपॉवरचा?

पंप घेताना आपण पाणी किती उंच चढेल व किती पडेल हे दोन्ही पाहतो. येथेही तसेच आहे. दाब पौंडांत मोजतात, आणि हवा दर मिनिटाला किती घनफूट, ह्यास दुकानदार सी.एफ.एम. म्हणतात. टाकी म्हणजे नुसता हौद. हौद मोठा म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही! छापील आकडा पुष्कळदा पिस्टनच्या मापाचा असतो, प्रत्यक्ष हवा त्याहून कमी मिळते. म्हणून 'फ्री एअर डिलिव्हरी' किती, असे विचारावे.

ट्रॅक्टरच्या मागील चाकास शेतात साधारण १२ ते १६ पौंड पुरतात, ट्रॉलीच्या चाकास पुष्कळ अधिक. नेमका आकडा टायर कंपनीच्या तक्त्यात पाहावा. ह्या कामाला १ हॉर्सपॉवरचे यंत्र पुरे. थोडा वेळ लागेल, इतकेच. रंगाच्या पिचकारीची गोष्ट निराळी. तिला बहुधा ८-१० घनफूट हवा सतत लागते आणि लहान यंत्र ३-४ च देते. टाकी रिती होते, रंग थुंकल्यासारखा पडतो, यंत्र तापते. तेथे ३ हॉर्सपॉवर तरी हवे. दिवसभर हवा लागणाऱ्या मागांना स्क्रू कॉम्प्रेसर लागतो. तो आपल्या कामाचा नव्हे.

बोअर साफ करण्यासाठी मात्र विकत घेण्याच्या फंदात पडू नये. दर १० मीटर पाण्याला सुमारे १४ पौंड दाब लागतो. नळी ६० मीटर पाण्यात असेल तर सुरुवातीलाच ८५ पौंड, शिवाय हवाही भरपूर. असे यंत्र भाड्यानेच आणावे.

आता प्रकृतीविषयी. काम संपल्यावर कपड्यांवरील धूळ ह्या हवेने झाडण्याची सवय वाईट आहे. डोळा व कानाचा पडदा क्षणात जातो. थट्टेने गुदद्वाराशी नळी धरल्याने आतडी फाटून कामगार दगावल्याच्या घटना कारखान्यांत घडल्या आहेत. मुलांना हे स्पष्ट सांगावे. तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा श्वासासाठी विहिरीत सोडू नये.

टाकीत पाणी साठते, पावसाळ्यात अधिकच. ते रोज खालच्या कॉकने काढावे, नाहीतर पत्रा आतून गंजतो व टाकी फुटू शकते. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून बूच मारलेले जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.