सामोआला जाताना

मे ते ऑक्टोबर हे कोरडे महिने धरा. नंतर पाऊस आणि चक्रीवादळांचे दिवस. भारतातून थेट विमान नाही, ऑकलंड किंवा फिजीतल्या नांदीवरून जाता येतं. ऑकलंडमार्गे जाणार असाल तर ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघा. उपोलू बेटावरून सवाइई बेटावर फेरीबोट जाते. हॉटेलपेक्षा किनाऱ्यावरची ‘फाले’ घ्यावी: खांबांवर छप्पर, भिंतींच्या जागी वरखाली होणारे झावळ्यांचे पडदे, खाली गादी, वर मच्छरदाणी. किनारे बहुधा गावाच्या मालकीचे, म्हणून प्रवेशाचे पैसे पडतात. सुटे ‘ताला’ (तिथलं चलन) जवळ ठेवा. संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी गावातून भटकू नये. रविवारी जवळपास सगळंच बंद, तेव्हा खाण्याची सोय शनिवारीच करावी. गाडी मात्र २००९पासून आपल्यासारखीच डावीकडून.