‘थांबा’ म्हणणारे प्रथिन

मागावर ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबला पाहिजे. न थांबला तर खोट कापडभर पसरते. सोलापूरकरांना हे सांगायला नको. आपल्या पेशीतही असाच एक ‘थांबा’ म्हणणारा असतो. पी-५३ हे त्याचे नाव. आनुवंशिक द्रव्याला इजा झाली की हे प्रथिन पेशीचे विभाजन रोखते, दुरुस्तीला अवसर देते, आणि दुरुस्ती होण्याजोगी नसेल तर पेशीला मरायला लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत याचाच साचा बिघडलेला सापडतो. तंबाखूच्या धुरातील बेन्झोपायरीन या साच्याच्या ठराविक जागीच अधिक चिकटते, असे १९९६ साली आढळले. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध तर डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी मुंबईत १९४०च्या दशकातच अभ्यासला होता. आमच्या विडी कामगारांच्या जिल्ह्यात, बार्शीस, १९८७ साली ग्रामीण कर्करोगनोंदणी सुरू झाली ती उगीच नव्हे.

पण डोळ्यांना न दिसणारे प्रथिन पाहावयाचे कसे? त्याचे साधन म्हणजे प्रतिपिंड. शरीरात परके द्रव्य शिरले की त्याच्या नेमक्या आकाराला चिकटणारी प्रथिने रक्तात तयार होतात, तीच ही. १९७५ साली कोहलर व मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्रतिपिंड करणाऱ्या पेशीचा अर्बुदपेशीशी संकर केला, आणि एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी मिळू लागली. कर्करोगाचीच पेशी कर्करोगाच्या शोधाला जुंपली, ही त्यातली गंमत!

पी-५३ सापडले तेही प्रतिपिंडांमुळेच. १९७९ साली माकडांतील एका विषाणूचे प्रथिन प्रतिपिंडांनी ओढून काढताना हे त्याला बिलगून आले. वजन ५३ हजार भासले म्हणून हे नाव. खरे वजन ४४ हजारांच्या आसपास आहे, पण पडलेले नाव कोण बदलतो? दहा वर्षे त्याला गुन्हेगारच मानले गेले. अभ्यासासाठी हाती आलेले नमुने बिघडलेले होते, मूळचा तो राखणदारच, हे १९८९ मध्ये उमगले.

आता रुग्णाच्या गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन त्यावर प्रतिपिंड सोडतात. जेथे ते चिकटते तेथे तपकिरी रंग उमटतो. येथे सामान्य माणूस फसतो. निरोगी पेशी हे प्रथिन थोड्याच वेळात मोडून टाकते, म्हणून रंग फिका. बिघडलेले मात्र मोडले जात नाही, साठत जाते. म्हणजे गडद रंग ही राखणदाराच्या बळाची नव्हे, बिघाडाची खूण. अन् रंग मुळीच नसेल तर? तोही बहुधा बिघाडच. प्रथिन तयारच झालेले नाही. मात्र प्रतिपिंडच निकामी असले तरी काच कोरीच दिसते. म्हणून त्याच काचेवरील निरोगी पेशी फिक्या रंगल्या आहेत की नाहीत, हे आधी पाहतात.