हृदयासाठी आणलेली बाटली

नाशिकची सहल आटोपून मुलगा किंवा जावई बदलापूरच्या घरी येतो. पिशवीतून चिवड्याच्या पुड्यासोबत एक जड, काळसर बाटली निघते. "बाबा, रेड वाईन हृदयाला चांगली असते. रात्री जेवताना थोडी घेत जा." टेबलावर शेजारीच आठवड्याच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा असतो. या दोन वस्तूंची एकमेकींशी ओळख मात्र कोणी करून देत नाही. ती करून देण्यासाठी हा लेख.

आधी बाटलीविषयी. द्राक्षाचा गर बहुधा फिकाच असतो. लाल वाईनला रंग येतो तो सालीमुळे. काळी द्राक्षे चिरडून साली-बियांसह आंबवली जातात. त्या दिवसांत सालीतला रंग आणि तुरटपणा रसात उतरतो आणि साखरेचा मद्यार्क होतो. दोन किंवा अधिक जातींच्या द्राक्षांची वाईन एकत्र करून जी तयार होते, तिला 'रेड ब्लेंड' म्हणतात. एका जातीचा कडकपणा दुसरीच्या मऊपणाने सावरावा, हा त्यामागचा विचार.

महाराष्ट्रात हे कसब चांगले रुजले आहे. नाशिकला गंगापूर धरणाच्या काठी गुरनानी कुटुंबाने उभी केलेली यॉर्क वायनरी घ्या. कुटुंबातील मुलांच्या नावांवरून तिचे नाव घडले. शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉ या द्राक्षांचे तिचे 'आरोस' हे मिश्रण जाणकारांना ठाऊक आहे. 2021 मध्ये सुला कंपनीने ही वायनरी आपल्याकडे घेतली. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या वायनरीचे नाव फ्रातेली, म्हणजे इटालियन भाषेत 'भाऊ'. इटलीतील सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतील भावांनी ती सुरू केली. अशा ठिकाणी मळ्याची निगा, पाण्याची बचत, पिढीजात जिव्हाळा यांविषयी ऐकताना मन प्रसन्न होते, यात खोटे काही नाही.

परंतु वाचकहो, 'कौटुंबिक', 'शाश्वत', 'निसर्गस्नेही' हे शब्द जमिनीविषयी आणि माणसांविषयी बोलतात. आपल्या यकृताविषयी नव्हे. मळ्याला पाणी ठिबकने दिले म्हणून मद्यार्क सौम्य होत नाही. बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेला वैधानिक इशारा शाश्वत मळ्याच्या वाईनलाही लागू असतो.

एक साधा हिशेब करून पाहा. वाईनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के मद्यार्क असतो. 13 टक्के धरले, तर 150 मिलिलिटरच्या एका पेल्यात साडेएकोणीस मिलिलिटर शुद्ध मद्यार्क होतो. आपल्याकडे व्हिस्कीत तो 42.8 टक्के असतो. म्हणजे 30 मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये तेरा मिलिलिटरहूनही किंचित कमी. जो गृहस्थ "मी दारूला शिवत नाही, फक्त वाईन घेतो" असे म्हणतो, त्याच्या एका पेल्यात छोट्या पेगच्या दीडपट मद्यार्क गेलेला असतो. 2022 मध्ये राज्य सरकारने मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा वाईन ही दारू की नाही यावर मोठा वाद झाला होता. शरीराला त्या वादात रस नसतो. ते फक्त मद्यार्क मोजते.

मग हृदयाची गोष्ट आली कोठून? फ्रान्समधील लोक स्निग्ध पदार्थ भरपूर खाऊनही हृदयविकाराने तुलनेने कमी दगावतात, या निरीक्षणावर सर्ज रेनो आणि मिशेल द लॉर्झरिल यांचा लेख 1992 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि श्रेय वाईनकडे गेले. पुढे द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल या द्रव्याचे नाव गाजले. लिटरभर वाईनमध्ये ते काही मिलिग्रॅमच असते. प्रयोगांत दिलेल्या मात्रा त्याच्या कितीतरी पट होत्या. शिवाय, थोडी पिणारे लोक न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसतात, त्याचे एक कारण असे की आजारपणामुळे पिणे सोडलेली माणसेही 'न पिणाऱ्यां'तच मोजली गेली होती. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने मद्यपेये 1988 पासूनच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवली आहेत. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले. तेव्हा औषध म्हणून वाईन सुरू करू नये, हे माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगतो.

आता गोळ्यांचा डबा. वयानुसार शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे चाळिशीत जो पेला सहज जिरत असे, तोच पंचाहत्तरीत रक्तात अधिक दाट उतरतो. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने जेवण टाळून वाईन घेतली, तर रात्री साखर धोकादायकपणे खाली येऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे, आणि घरची माणसे समजतात, "चढली आहे, झोपू द्या." इथेच घात होतो. ग्लुकोमीटरने साखर तपासा. ती कमी असेल आणि व्यक्ती नीट गिळू शकत असेल, तर साखरेचे पाणी द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही न घालता 108 ला फोन करा.

रक्तदाबाच्या वा प्रोस्टेटच्या गोळ्यांसोबत वाईन घेतल्यास उठताना दाब एकदम उतरतो. रात्री दोन वाजता न्हाणीघराकडे जाताना पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, ही वाट इतकी जवळची आहे. झोपेच्या गोळीसोबत वाईन मुळीच नको. दोन्ही मिळून श्वास मंदावतात. वॉरफरिन घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका, तर ॲस्पिरिन किंवा गुडघेदुखीच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या जठराला इजा. "वाईनने झोप छान लागते" हेही अर्धसत्य. झोप लवकर लागते, पण पहाटेपूर्वीच मोडते.

घरात शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. आजोबा अधूनमधून घेत असतील, तर बाटली लपवू नका आणि सर्वांसमक्ष बोलूही नका. लपवल्याने ते लपून घेऊ लागतील, आणि डॉक्टरांपुढेही नाही म्हणतील. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जा वा अंबरनाथच्या आपल्या नेहमीच्या दवाखान्यात. औषधांच्या यादीत वाईनही लिहून न्या, किती आणि कधी यासह. रोज बऱ्याच प्रमाणात घेण्याची सवय वर्षानुवर्षे असेल, तर ती एका दिवसात तोडायला लावू नका. अचानक बंद केल्याने हातपाय थरथरणे, झटके, भ्रम असा जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

राहिली मुलाने प्रेमाने आणलेली बाटली. 750 मिलिलिटरची ती, म्हणजे पाच पेले. उघडली की चार दिवसांत चव उतरते आणि मग "वाया जाऊ नये" म्हणून संपवण्याची घाई होते. ती न उघडता परत द्यायला संकोच नको. द्राक्षाच्या सालीतील ज्या रंगद्रव्याचे इतके कौतुक होते, त्याच कुळातील अँथोसायनिन आपल्या बदलापूरच्या जांभळातही आहे, आणि या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जांभूळ म्हणजे मधुमेहाची गोळी नव्हे, बियांचे चूर्णही नव्हे. पण मूठभर खाऊन कोणी न्हाणीघरात पडत नाही. जूनमध्ये येशील तेव्हा स्टेशनाबाहेरून द्रोणभर जांभळे घेऊन ये, असे मुलाला सांगता येईल.